घाडीसरांचा डावा हात

घाडीसर डावखुरे होते. त्यामुळे आमच्या कबड्डीच्या संघातल्या प्रत्येक मुलीने मार खाल्ला तो उजव्या गालावर. मैदानात पाऊल टाकल्यावर पहिल्या आठवड्यातच हा प्रसाद मिळायचा. तो मिळाला की जुन्या मुली नवीन मुलीला पाणी आणून द्यायच्या, पाठीवर हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "झालं, आता तू संघात." मलाही असंच पाणी मिळालं. माझा गुन्हा एवढाच, की चढाईला आलेल्या मुलीचा घोटा मी धरला आणि ती "आई गं" म्हणून कळवळली तेव्हा सोडून दिला.

"दया आली तुला?" सरांनी विचारलं.

मी हो म्हटलं. खरं बोलायची माझी सवय त्या दिवसापासून जरा कमी झाली.

वसंत घाडी त्यांचं नाव. मूळचे कणकवलीकडचे. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर बिऱ्हाड घाटकोपरच्या डोंगरावर आलं आणि तिथेच राहिलं. आमच्या चाळीत आमच्यापासून दोन खोल्या सोडून त्यांची खोली. नोकरी साकीनाक्याला, पत्र्याच्या पेट्या करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये फोरमनची. संध्याकाळी तिथून सुटले की घरी न जाता थेट मैदानात यायचे. बुटके, रुंद, डोकं सरळ खांद्यावरच ठेवलेलं. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली असत. ती एकेक करून काढायची, शर्टाची घडी घालून भिंतीवर ठेवायची आणि मगच मातीला पाय लावायचा, हा त्यांचा रोजचा नेम. शिट्टी कधी वापरली नाही. "शिट्टी वॉचमनने वाजवायची," म्हणायचे.

दारूच्या थेंबालाही शिवत नसत, आणि त्यानेच आमच्या चाळीची पंचाईत करून ठेवली होती. इतरांच्या घरातला तमाशा दारूवर ढकलता यायचा. घाडीसरांच्या घरातला कशावर ढकलणार? त्यांच्या बायकोला, नलिनीकाकींना, ते शुद्धीत मारायचे. भाजीत मीठ कमी म्हणून, मीठ जास्त म्हणून, दार उघडायला वेळ लागला म्हणून. आवाज सुरू झाला की चाळीतले लोक आपापल्या टीव्हीचा आवाज वाढवायचे. एका घराने वाढवला की शेजारचं वाढवायचं, मग त्याच्या पलीकडचं. माझी आईसुद्धा रिमोट हातात घ्यायची आणि माझ्याकडे न बघता म्हणायची, "तू अभ्यास कर." सगळ्यांना सगळं माहीत होतं. काकी दुसऱ्या दिवशी नळावर यायच्या आणि कोणीतरी त्यांची बादली न मागता भरून द्यायचं. आमची मजल तेवढीच. मला आजही त्याची चीड येते.

मैदानात सरांचं ठरलेलं वाक्य होतं, "माया घरी ठेवून या." शिकवायची पद्धतही त्यातूनच आलेली. सरावाच्या शेवटी ते स्वतः चढाईला यायचे आणि आम्ही सात मुलींनी त्यांना अडवायचं. ते पुरुष, वजनाने आमच्या दुप्पट, आणि हातपाय झाडण्यात कसलीही कसर न ठेवणारे. माझा खालचा एक दात असाच त्यांच्या टाचेने गेला. पण एकदा धरलं की सोडायचं नाही. जी सोडेल तिला डावा हात. शेवटी धूळ खाली बसली आणि सर मातीत उताणे पडलेले दिसले की ते स्वतःच ओरडायचे, "झकास! असंच धरायचं! मेलात तरी धरून मरा!" त्यांच्या तोंडचं ते एक झकास ऐकायला आम्ही हाडं मोडून घेतली. हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगता येत नाही. मारणाऱ्याच्या एका शाबासकीसाठी माणूस किती लाचार होतो, ते मी स्वतःवरून सांगते.

प्रियांका आमच्यातली सगळ्यात तयार पकडवाली. मैदानाच्या वाटेवर एक पानटपरी होती. तिथे उभा राहणारा एक दांडगा माणूस येता-जाता तिला काहीबाही बोलायचा. एके दिवशी त्याने तिची ओढणी ओढली. ती मैदानात रडत आली. सरांनी शर्ट काढायला सुरुवात केली होती, ते तिसऱ्या बटणावर थांबले.

"कुठच्या हातान ओढली?"

"उजव्या."

ते चालत गेले. आम्ही सगळ्या मागून. सर थेट त्या माणसासमोर जाऊन उभे राहिले. त्याचा उजवा पंजा टपरीच्या कठड्यावर दाबला, बाजूची लोखंडी फळी उचलली आणि बोटांवर आपटली. तो किंचाळला तेव्हा पुन्हा आपटली. "आवशीचो घो तुझ्या," एवढंच म्हणाले आणि फळी जागच्या जागी लावून ठेवली. पोलीस चौकी झाली, आमच्या कबड्डी मंडळाच्या अध्यक्षांनी मिटवामिटवी केली. त्या संध्याकाळी आम्ही सातजणी रस्ता अडवून, गात घरी आलो. घाडीसर आम्हाला देव वाटत होते. मी चाळीत शिरले तर दोन खोल्या पलीकडून आवाज येत होता. चौकीच्या भानगडीत जेवायला उशीर झाला होता आणि आमटी गार झाली होती. आईने टीव्हीचा आवाज वाढवला.

पुढे मी खेळ सोडला. मुलुंडच्या एका हॉस्पिटलात नसांची तपासणी करायच्या विभागात टेक्निशियन म्हणून लागले. चामडीवरून विजेचा छोटा झटका द्यायचा, नसेतून तो किती वेगाने आणि किती जोमाने पुढे जातो ते मशीनवर बघायचं, हे माझं काम. रविवारी मात्र मैदानात जायचे. बघता बघता माझ्या लक्षात आलं की सर आता पूर्वीपेक्षाही जास्त मारतायत. पूर्वी एक थप्पड पुरायची, आता लागोपाठ दुसरी बसायची, कधी तिसरी. मारून झालं की स्वतःच्या पंजाकडे बघायचे, जसं काही तो कामात कुचराई करतोय. मुलींना दरडावायचे, "तुम्ही मऊ पडलात. मी म्हातारा झालो म्हणून धरत नाय मला. माझी कीव करता?" मुलींना वाटायचं, सरांचं वय झालं, चिडचिड वाढली. बाकी कोणाच्या डोक्यात काही आलं नाही.

मग तो रविवार आला. सर चढाईला आले आणि प्रियांकाने डाव्या कोपऱ्यातून झेप घेऊन त्यांचा घोटा धरला. नेहमीसारखे ते झटकतील म्हणून तिने जीव खाऊन धरला. सर चालतच राहिले. पाय अडकला, तोंडावर पडले. उठले ते तिच्यावर धावून गेले.

"धरलंस का नाय?"

"धरलं ना सर!"

"खोटं बोलतेस! हात नुसता लावलास! माझी दया करतेस?" आणि डावा हात. पुन्हा. पुन्हा. प्रियांकाच्या नाकातून रक्त आलं तरी थांबले नाहीत. मी आणि आणखी दोघींनी त्यांना मागून कमरेला धरून ओढलं. प्रियांका मातीत बसून ओरडत होती, "सर, पाय बघा तुमचा! पाय बघा!"

त्यांनी खाली बघितलं. घोट्याभोवती तिच्या पाचही बोटांचे वळ काळेनिळे उठले होते, नखं रुतली होती तिथून रक्त ओघळून टाचेखालची माती भिजली होती. सर त्या पायाकडे दुसऱ्या कोणाचा पाय बघावा तसे बघत राहिले. वाकून त्यांनी ते रक्त बोटाने पुसलं आणि मग ते बोटही निरखून बघितलं, कारण बोटालाही ओलेपणा जाणवला नव्हता. कित्येक महिने पोरी त्यांना जिवाच्या आकांताने धरत होत्या आणि त्यांना ते कळत नव्हतं. थप्पड मारलेली आपल्याच पंजाला जाणवत नव्हती, म्हणून ती लागलीच नाही असं समजून ते दुसरी मारत होते.

तरी डॉक्टरकडे जायला त्यांनी वेळ लावलाच. आधी भांडुपच्या हाडवैद्याचं मालीश झालं, मग कोणीतरी साखर सांगितली, साखर निघाली नाही. तोवर हातातला ग्लास निसटायला लागला आणि चाळीच्या पायऱ्या चढताना पाऊल लोंबायला लागलं. शेवटी काकी त्यांना आमच्या हॉस्पिटलात घेऊन आल्या. मी हातावर मशीनच्या पट्ट्या लावल्या, मनगटावर झटका दिला.

"जोरात दे गं," सर म्हणाले. "माया करतेस?"

मी वाढवला. अंगठा जेमतेम हलला. कोपराकडून दिला तर मशीनवरची रेघ इतक्या उशिरा उठली की मी पट्ट्या पुन्हा लावून बघितल्या. घोट्याजवळ तर काहीच नाही. ज्या माणसाच्या पावलाच्या आवाजाने मी सरळ उभी राहायचे, त्याला मी झटक्यावर झटके देत होते आणि तो छताकडे बघत पडला होता. मला सूड घेतल्यासारखं वाटायला हवं होतं. मला रडू येत होतं.

आमच्या डॉक्टर कर्णिकबाईंनी रिपोर्ट बघितले, पाठीतलं पाणी तपासलं आणि दोघांना समोर बसवून समजावलं. नस म्हणजे तार धरा, तिच्यावर एक आवरण असतं, त्याला मायलिन म्हणतात. ते चरबी आणि काही ठरावीक प्रथिनांचं बनलेलं असतं. शरीरात रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात, त्यांनी बाहेरच्यांना मारायचं. तुमच्यात त्यांना ही घरची प्रथिनंच शत्रूची वाटायला लागली आहेत. त्या आवरणावर तुटून पडतायत, ते ओरबाडून काढतायत. म्हणून निरोप वाटेत अडतो, हाताला काही कळत नाही आणि हात ऐकत नाही. आणि हे एकदाचं दुखणं नाही, दबलं तरी डोकं वर काढू शकतं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "नेमका कोणावर राग त्यांचा? त्या प्रथिनाचं नाव सांगा."

"रक्त पाठवलं होतं आम्ही. दोन-तीन ओळखीच्या प्रथिनांविरुद्ध काही आहे का ते बघितलं. तुमच्यात नाही सापडलं. बऱ्याच पेशंटमध्ये सापडत नाही."

"मग सुरू कशान झालं? मी काय केलं त्यांचं?"

"काही केलं नाहीत तुम्ही. कधी एखादं साधं इन्फेक्शन होऊन जातं आणि त्यानंतर बिघडतं. कधी काहीच कारण मिळत नाही."

"कारण नाय आणि मारतात?" सर तिरमिरले. "घरचं माणूस ओळखत नाय? कसल्या औलादीच्या आहेत या!"

काकी त्यांच्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आता बोलल्या, अगदी साध्या आवाजात. "असतात तशी."

डॉक्टरबाईंना ते कळलं नाही. सरांनाही कळलं नाही. मला कळलं आणि मी खिडकीकडे तोंड केलं.

उपचार सुरू झाले. हजारो लोकांच्या रक्तातून गोळा केलेली प्रतिद्रव्यं सलाईनसारखी शिरेतून द्यायची, म्हणजे शरीरातली ही दंगल शांत होते. खर्चाचं वर्कशॉपच्या मालकाने आणि मंडळाने सांभाळलं. बाटलीकडे बघून सर म्हणाले, "हजार माणसं लागली मला धरायला!" आणि वॉर्डातल्या सगळ्यांना हसवलं. सोबत स्टिरॉइडच्या गोळ्याही होत्या. डॉक्टरबाईंनी काकींना बाजूला घेऊन सांगितलं, "या गोळ्यांनी कधी कधी माणूस चिडका होतो हं. तुम्ही मनावर घेऊ नका." त्यावर काकींना हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. डॉक्टरबाई गोंधळून माझ्याकडे बघायला लागल्या.

गुण यायला वेळ लागणार होता. तोवर काकी त्यांना भरवायच्या, आंघोळ घालायच्या, गळ्यापर्यंत बटणं लावून द्यायच्या. चाळीत संध्याकाळ शांत जायला लागली. माझी आई म्हणाली, "बातम्या नीट ऐकू येतात हल्ली." काकींच्या हातात मी पहिल्यांदा काचेच्या बांगड्या बघितल्या. इतकी वर्षं त्या प्लॅस्टिकच्या घालायच्या, काच फुटून मनगटात जाते म्हणून.

सर मात्र बदलले नव्हते. दुखण्याने माणूस मवाळ होतो म्हणतात, ते सगळ्यांना लागू नाही. पुढच्या बाटल्यांसाठी ते दाखल होते, तेव्हा एका दुपारी मी वॉर्डात डोकावले तर काकी त्यांना पेज भरवत होत्या. घास गरम लागला असावा. सरांनी डावा हात उगारला, तो अर्ध्यावरूनच ताटलीत पडला. क्षणभर ते त्या पडलेल्या हाताकडे बघत राहिले. मग मान मागे घेतली आणि कपाळ काकींच्या तोंडावर आपटलं. ओठ फाटला. काकी उठल्या, नळावर जाऊन चूळ भरली आणि परत येऊन उरलेली पेज फुंकर मारून गार केली.

मी त्यांना जिन्यात गाठलं. "काकी, कशाला करता हो एवढं? सोडा ना!"

"असल्या माणसाला टाकून कशी जाऊ?" त्या म्हणाल्या. "स्वतः पाणी पिता येत नाय त्यांना. लोक सोड, माझंच मन खाईल मला." ओठावरचा रुमाल काढून त्यांनी डाग बघितला. "तुला तपासणीतलं कळतं ना गं? येईल का सगळं परत?"

"आतली तार शाबूत आहे. आवरण परत चढेल. बाई म्हणाल्या ना."

"पाय येऊ देत," काकी म्हणाल्या. "हातांची मला घाई नाय."

त्यानंतर सर तपासणीला आले की मी मशीनवर आकडे वाढताना बघायचे. माझं काम बरोबर चाललं होतं. नस सुधारत होती, पेशंट बरा होत होता, डॉक्टरबाई खूश होत्या. आणि सुधारलेल्या प्रत्येक आकड्यागणिक दोन खोल्या पलीकडची एक बाई पुन्हा त्या हाताच्या टप्प्यात येत होती. हे मी कोणाला सांगणार होते?

शेवटचं मी सरांना तपासलं ते अशाच एका दिवशी. काठी न घेता आले होते. पायात आधाराचे पट्टे होते, पावलं अजून फटफट आपटत पडत होती, पण चालत होते. मागून काकी. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघितला. "हात छान आलेत. पायांना अजून वेळ आहे, पळापळ नको." मग त्यांनी आपली दोन बोटं पुढे केली. "दाबा बघू, डाव्या हाताने."

सरांनी दाबली. "अहो, पुरे, पुरे!" बाई हसत बोटं झटकायला लागल्या. सरांचा चेहरा उजळला. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर अंतिम सामना जिंकल्यावरही बघितला नव्हता. ते काकींकडे वळले.

"बघ गं, आला की नाय! दे हात."

काकींनी हात दिला. सरांनी तो पंजात घेतला आणि आवळला. त्यांच्या मनात त्या क्षणी वाईट काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. शिकारी कुत्र्याला पुन्हा पळता आल्यावर होतो तसा त्यांना नुसता हर्ष झाला होता. काकींची बोटं पांढरी पडली, एकमेकांवर चढली. त्या ओरडल्या नाहीत.

"लागलं?" सरांनी हसत विचारलं.

"लागलं."

"मग सोडवून घे की!"

"घाडी, सोडा त्यांना," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि सरांनी हात सोडला.

काकींनी हात पदरात घेतला. "बटणं सकाळी तुम्हीच लावलीत ना?"

"मीच. मग?"

"हाताने जेवता. आंघोळ करता. चालता येतं."

"सगळं येतं!" सर छाती काढून म्हणाले.

"मग झालं," काकी म्हणाल्या. "येते हं डॉक्टर."

डॉक्टरबाईंना वाटलं त्या औषधं आणायला निघाल्या. मी त्यांच्या मागोमाग बाहेर गेले. बाहेरच्या बाकड्याखाली एक मोठी बॅग होती, ती त्यांनी ओढून काढली. "बोरिवलीला बहिणीकडे चाललेय," त्या मला म्हणाल्या. "आता नाय यायची मी परत. गोळ्या कपाटात वरच्या फळीवर आहेत, सकाळच्या उपाशीपोटी नाय घ्यायच्या म्हणावं." मी त्यांची बॅग उचलायला गेले तर म्हणाल्या, "असू दे, हलकी आहे."

सरांनी दारातून ऐकलं होतं. "नले!" ते ओरडले. सगळी ओपीडी वळून बघायला लागली. "नले, थांब! थांब म्हणतो ना!" काकी लिफ्टसाठी थांबल्या नाहीत, जिना उतरायला लागल्या. सर मागे धावले. धावले म्हणजे, धावायला गेले. पावलं वर उचलेनात, पुढची बोटं फरशीला घासत होती. एकदा भिंतीला धडकले, एकदा स्ट्रेचरला. जिन्याच्या तोंडाशी पोचून त्यांनी डाव्या हाताने कठडा पकडला आणि खाली पाय टाकला. पाय पायरीवर टिकेना. मागे घेतला, पुन्हा टाकला, पुन्हा वळला. खालच्या मजल्यावर काकींच्या चपलांचा आवाज उतरत गेला, मग ऐकू येईनासा झाला.

बाकड्यावरची एक म्हातारी त्यांच्याजवळ गेली. "काय झालं भाऊ? चक्कर आली काय?"

सरांनी मान हलवली. कठड्यावरची त्यांची मूठ इतकी घट्ट होती की दंडापर्यंत शिरा फुगल्या होत्या.

"नाय," ते म्हणाले. "पाय येत नाय अजून."